शब्दावर बोट

मराठीत ‘समास’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. व्याकरणाच्या तासाला तो तत्पुरुष नाहीतर द्वंद्व होऊन येतो. ‘दासबोधा’त तो प्रकरण होतो: २० दशक, २०० समास. आणि वहीत, पोथीत, छापील पुस्तकात तो पानाच्या कडेची कोरी जागा असतो. ‘समास आखा’ असं गुरुजी म्हणाले की आम्ही पट्टी ठेवून रेघ मारत असू. त्या रेघेपलीकडे आपण काही लिहायचं नाही, ती जागा गुरुजींची, हा नियम मग अंगात असा मुरला की कॉलेजातल्या विकतच्या पुस्तकातही समासात पेन्सिल टेकवताना हात अडखळायचा. सोलापूर जिल्ह्यातल्या काही मराठीच्या शिक्षकांनी आणि प्राध्यापकांनी मिळून लिहिलेलं हे पुस्तक ती रेघ पुसायला निघालेलं आहे. मोबाइलच्या पडद्यावर एकच कविता पन्नास मुलांसमोर उघडायची, प्रत्येकाने तिच्या समासात लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, खोडायचं, वाद घालायचा. एवढंच या शिक्षकांनी केलं. ‘एवढंच’ हा शब्द माझा. त्यांची झोप त्यापायी किती वेळा गेली ते मला ठाऊक आहे.

या खटाटोपाची गरज का पडली हे समजायला मराठीची उत्तरपत्रिका तपासलेली असावी लागते. आमच्या काळी ‘संदर्भासहित स्पष्टीकरण द्या’ असा प्रश्न असे. मूळ कल्पना उत्तम होती: एक ओळ घ्या, ती कोण, कोणाला, कुठे म्हणतं ते सांगा आणि उलगडा. आता दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘रसग्रहण’ असतं आणि त्याला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन खण असतात. यातही वावगं काही नाही. पण दोन्ही प्रश्नांची गाइडवाल्यांनी एकच गत केली. ‘कवीने साध्या, सोप्या परंतु प्रभावी भाषेत मनाला भिडणारा आशय मांडला आहे’ हे वाक्य मी हजारदा तरी तपासलं असेन. ते कुठल्याही कवितेला बसतं. आमच्या सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, पण तिथेही निदान मापं तरी वेगवेगळी असतात.

अशा वाक्यावर शिक्षकाने एकच प्रश्न विचारायचा असतो: कुठल्या शब्दावरून म्हणतोस? बोट ठेव.

सूक्ष्म वाचन, सखोल वाचन, निकटवाचन अशी त्याला नावं आहेत. समीक्षेच्या पुस्तकांत त्यांच्या व्याख्या सापडतील. माझ्या लेखी हा बोट ठेवण्याचा प्रश्न म्हणजेच ते सगळं. इंग्रजी वर्गांत या पद्धतीचा उगम सांगताना आय. ए. रिचर्ड्‌स यांच्या केंब्रिजमधल्या प्रयोगाकडे जातात. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून कविता दिल्या, त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया घेतल्या आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये त्या मांडल्या. नावाचा आधार गेल्यावर चांगली शिकलेली मुलंही किती चाचपडतात हे त्या पानांवर उघडं पडलं. पुढच्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी विल्यम एम्प्सन यांनी संदिग्धतेचे सात प्रकार सांगणारं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत १९३८ साली ब्रुक्स आणि वॉरन यांनी हीच दृष्टी पाठ्यपुस्तकात उतरवली आणि ‘नवसमीक्षा’ वर्गावर्गांत पोचली. रिचर्ड्‌सचा प्रयोग मला या पुस्तकाच्या फार जवळचा वाटतो. कवितेपेक्षा वाचकांच्या टिपा तपासणारा तो मास्तर. त्याच्याकडे कागद होते आणि ते तपासले त्यानेच. मुलांनी एकमेकांचे वाचले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं तसाच पडून राहिला.

मराठीत मर्ढेकरांनी साहित्याचा विचार लयीच्या, घाटाच्या अंगाने करायला लावला. ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ साली आलं. त्यानंतरच्या वादांत आपली एक अख्खी पिढी वाढली. पण सिद्धान्त मांडणं निराळं आणि ओळीपाशी बसणं निराळं. ओळीपाशी बसणारा माणूस म्हणून मला म. वा. धोंड आठवतात. ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकाला १९९७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अध्यात्माचा ग्रंथ म्हणून ज्याला आपण लांबून हात जोडतो, त्यातले दृष्टान्त त्यांनी जगण्याच्या व्यवहाराशी ताडून पाहिले. एखाद्या शब्दाचा माग काढायचा तर कोशावर थांबायचं नाही, वस्तूपर्यंत जायचं, ही त्यांची शिस्त. विजया राजाध्यक्षांनी मर्ढेकरांच्या कवितेवर केलेलं दीर्घ काम हेही याच जातीचं. आमच्या मुलांच्या हाती गाइडाऐवजी धोंडांची दहा पानं दिली असती तर या पुस्तकाची निम्मी गरज संपली असती, असं मला अनेकदा वाटतं.

या पद्धतीवरचा मोठा आक्षेपही मराठीतच जोरकसपणे मांडला गेला. शब्दांवर इतकं डोळे रोखून बसलं की शब्द बोलणारा माणूस, त्याची जात, त्याची भूक दिसेनाशी होते, हा तो आक्षेप. शरणकुमार लिंबाळे आमच्याच जिल्ह्यातल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या त्यांच्या पुस्तकाने जुनी मापं दलित साहित्याला लावायला नकार दिला. तो नकार मला मान्य आहे. मात्र त्यातून ‘बारकाईने वाचू नका’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी त्यांच्याच आत्मकथनाचं नाव वाचायला सांगतो. ‘अक्करमाशी’. १२ माशांचा एक तोळा. सोन्याच्या हिशेबात जो ११ माशांचा, तो पुरा नव्हे, हिणकस. एका वजनाच्या मापात समाजाने माणसाची जन्मभराची किंमत ठरवली आणि लेखकाने तेच माप उचलून मुखपृष्ठावर ठेवलं. या पुस्तकात एका वर्गाची नोंद आहे. त्यात समासातली पहिली टीप ‘मासा म्हणजे फिश का?’ अशी आहे. मुलगा थट्टा करत नव्हता. मासा हे वजन त्याच्या जगात उरलेलंच नाही. त्याखाली सराफाच्या दुकानात काम करणाऱ्या वडिलांच्या मुलीने तोळ्याचं गणित लिहिलं. मग बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग एकाने लिहिलं, ‘म्हणजे हे नाव नाही, शिवी आहे.’ जात शब्दाबाहेर नव्हती, शब्दाच्या वजनातच होती, आणि तिथवर पोचायला त्या वर्गाला तीन टिपा लागल्या.

एकत्र बसून, मजकुराच्या कडेने अर्थ लावण्याची ही रीत संगणकाने आणली असं कोणी म्हणालं तर मला पंढरपूर आठवतं. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि चरणामागून चरण उलगडत जातो. समोर बसलेल्यांना तो अभंग आधीच पाठ असतो, त्यामुळे ते ऐकता ऐकता तपासतही असतात. महानुभावांचं उदाहरण तर याहून जवळचं आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा साक्षीदारांकडे जाऊन जमवल्या. पुढे एखाद्या लीळेबद्दल कोणाच्या आठवणीत काही वेगळं असेल, तर तो फरक त्या माणसाच्या नावासकट पाठातच टिपून ठेवायची पद्धत त्या परंपरेत पडली. भेद पुसून एकच गुळगुळीत मजकूर करण्याऐवजी भेद जपणारी ती माणसं. आणि एकनाथ! त्यांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असं बजावलं. कुठलाही दस्तऐवज ऑनलाइन वाटताना आज तीन परवानग्या विचारतात: फक्त पाहा, टिपा लिहा, बदल करा. नाथांनी तिसरी परवानगी काढून घेतली. पहिल्या दोन सर्वांना खुल्या राहिल्या, आणि ज्ञानेश्वरीवर टिपा लिहिणं आजवर थांबलेलं नाही.

साधनांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ती दर दोन वर्षांनी बदलतात आणि पुस्तकातही त्यांना जागा बेताचीच दिली आहे. सगळ्यांत साधं गूगल डॉक्स. शब्द निवडायचा, त्याला टीप जोडायची, टिपेखाली उत्तरं येतात, आणि कोणी काय कधी बदललं याचा इतिहास राहतो. ‘हायपोथेसिस’ या साधनाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. ते कुठल्याही वेबपानाच्या कडेला टिपांचा समास जोडून देतं. २०१७ साली अशा टिपांसाठी जागतिक वेब संघटनेने मानकही ठरवलं. हार्वर्डच्या अध्यापकांनी काढलेलं ‘पेरुसॉल’ टिपांवरून गुणही देऊ शकतं, आणि तिथेच माझा त्याच्याशी बेबनाव होतो. रॅप गाण्यांच्या चाहत्यांनी २००९ साली सुरू केलेलं ‘जीनियस’ तर विद्यापीठाबाहेरच जन्मलं. गाण्यातल्या ओळीचा अर्थ काय यावर तिथे पोरं ज्या निष्ठेने भांडली, ती एम. ए.च्या वर्गात क्वचित दिसते. २००८ मध्ये सात स्त्रियांनी डोरिस लेसिंग यांची ‘द गोल्डन नोटबुक’ ही कादंबरी ऑनलाइन समासात चर्चा करत वाचली. वाचनाचा तो जाहीर प्रयोग या क्षेत्रातल्या लोकांना अजून आठवतो.

ही साधनं आमच्याकडे आली तेव्हा मात्र सगळं सुरळीत झालं नाही. मुलांकडे लॅपटॉप नाहीत, मोबाइल आहेत, आणि हायपोथेसिसचं जोडसॉफ्टवेअर अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये चढत नाही. म्हणून बहुतेक वर्ग डॉक्सवर आले. व्हॉट्सअ‍ॅपचा गट सर्वांकडे होता, पण तिथे लिहिलेलं कुठल्याच शब्दाला चिकटत नाही. ‘सर मस्त कविता’ आणि हात जोडल्याची खूण यापुढे गाडी जाईना. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या कविता उघडल्या की पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा. म्हणून शिक्षकांनी मुलांकडूनच त्या युनिकोडमध्ये टाइप करून घेतल्या, आणि अनपेक्षित लाभ झाला: टाइप करताना डोळा प्रत्येक अक्षरावरून जातो. एका वर्गाने जुन्या आवृत्तीतले अनुच्चारित अनुस्वार छपाईची चूक म्हणून पुसून टाकले. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी मराठी अशीही लिहिली जात होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आणि हो, नाव न देता डॉक्स उघडणाऱ्याला तिथे एखाद्या निनावी प्राण्याचं नाव मिळतं. केशवसुतांवर एका निनावी प्राण्याने लिहिलेली टीप फार चांगली होती. तो प्राणी वर्गात शेवटच्या बाकावर बसे, हे बाईंना वर्ष संपताना समजलं.

सोलापूरच्या वर्गात या पद्धतीला जे फळ आलं ते पुण्यात आलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. याचं कारण इथल्या घरांतल्या भाषा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी कन्नड, शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, मोहल्ल्यांत दख्खनी उर्दू. ज्या सिद्धरामांच्या यात्रेला दर जानेवारीत हे शहर लोटतं, त्यांची वचनं कन्नडच. आणि याच शहरात संस्कृत-मराठीचा मेळ घालत लावण्या रचणारे राम जोशी झाले. हे सगळं वैभव मराठीच्या तासाला मात्र उणेपणा ठरत आलं. ‘तुझं मराठी कच्चं आहे’ हे ऐकत मोठी झालेली मुलं तोंड उघडत नाहीत. समासात ती लिहू लागली. रोमन लिपीत, मोडक्या वाक्यांत, कधी रात्री ११ वाजता, घरचं काम उरकल्यावर.

बालकवींच्या ‘औदुंबर’चं उदाहरण सांगायलाच हवं. आठ ओळींची कविता, तिच्यावर समीक्षकांनी किती लिहिलं असेल त्याला मोजमाप नाही. बालकवी १९१८ साली रेल्वे अपघातात गेले, म्हणून कवितेतलं डोहाचं काळं पाणी वाचताना अनेकांना त्यांचा मृत्यू दिसतो. मुलांच्या टिपा तिथून सुरू झाल्या नाहीत. पहिला प्रश्न आला: उंबर का नाही, औदुंबर का? कन्नड घरातल्या एकीने लिहिलं, ‘आमच्यात अत्ती म्हणतात.’ खाली तेलुगू घरातल्या मुलाने ‘मेडी’ लिहिलं. मग अक्कलकोटकडच्या एकाने सांगितलं की गाणगापूरला औदुंबराला प्रदक्षिणा घालतात, ते दत्ताचं झाड. अत्तीला फळं येतात, औदुंबराला नमस्कार करतात. एकाच झाडाच्या दोन नावांतलं हे अंतर कोशात मिळत नाही. ते तीन भाषांच्या मुलांनी एका शब्दाखाली जमवलं. मग त्यांना शेवटच्या ओळीतला ‘असला’ खटकला. बोलण्यात ‘असला कसला’ म्हणताना आपण नाक मुरडतो, इथे मात्र त्याच शब्दात केवढं अप्रूप! ‘काळिम्या’ला ‘गोड’ हे चवीचं विशेषण कसं काय, यावर १७ टिपा झाल्या. त्यांतल्या निम्म्या भरकटल्या. आणि सांगोल्याकडच्या, दुष्काळ पाहिलेल्या एका मुलाने विचारलं: हिरव्या शेतांतून जाणारी ती पांढरी पायवाट गावाकडे न जाता डोहाकडे का जाते? पाणी भरायला जात असतील, असं त्यानेच खाली लिहिलं. मृत्यूच्या सावलीत ही कविता वाचणाऱ्या आमच्या पिढीला हे सुचलं नव्हतं. ते बरोबर आहे की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण त्याचं बोट शब्दावर होतं.

याच जिल्ह्याने शाळेतल्या तंत्रज्ञानाची आणखी एक वाट दाखवली आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले आणि २०२० साली डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण क्यूआर कोड मुलाला पानाबाहेर नेतो, चित्रफितीकडे, गाण्याकडे. समासातली टीप त्याला पानावर परत आणते. गणिताला पहिली वाट लागत असेल, कवितेला दुसरी लागते.

पुस्तकातल्या ज्या भागाशी माझं पूर्ण जमत नाही, त्याबद्दलही लिहायला हवं. पहिली टीप फार ताकदवान असते. वर्गातल्या हुशार मुलीने ‘ही विरहाची कविता आहे’ असं लिहिलं की पुढची ४० मुलं विरह शोधू लागतात. यावर तोडगा म्हणून स्वतःची टीप लिहिल्याशिवाय इतरांच्या दाखवायच्या नाहीत असं काही शिक्षकांनी केलं, आणि ते योग्यच. तरीही एकट्याने, कोणी पाहत नसताना, एका ओळीवर अडकून बसण्याचं काही एक सुख आहे, आणि मला भीती वाटते ती या सततच्या संगतीत त्या सुखाची सवयच लागणार नाही याची. दुसरी गोष्ट जोखमीची. ‘अक्करमाशी’सारखं पुस्तक उघडल्यावर एखाद्या मुलाने समासात स्वतःच्या घराबद्दल लिहिलं तर ते ५० जणांसमोर, लेखी, तारखेसकट राहतं. बोललेलं हवेत विरतं, हे विरत नाही. निनावी लिहिण्याची सोय आणि वर्ष संपल्यावर टिपा पुसण्याची मुभा यांबद्दल लेखकांनी जे नियम घातले आहेत, ते प्रत्येक शिक्षकाने सुरुवात करण्याआधी वाचावेत.

आणि आता गाइडही यंत्राने लिहिलेलं मिळतं. ‘औदुंबर’चं रसग्रहण मागितलं की मोबाइल अर्ध्या मिनिटात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तिन्ही खण भरून देतो. भाषा गाइडापेक्षा बरी असते, पण पुष्कळदा बोट कुठल्याच शब्दावर नसतं. घरी लिहून आणलेल्या निबंधावर विश्वास ठेवण्याचे दिवस त्यामुळे गेले. मुलाची टीप आधी चुकीची, मग कोणी हटकल्यावर बदललेली, मग खोडलेली, मग नव्याने लिहिलेली अशी दिसते, तेव्हा त्याने वाचलं याची खात्री पटते. हे पुस्तक यंत्राशी लढण्यासाठी लिहिलेलं नाही. त्यातल्या बहुतेक नोंदी तर यंत्रं एवढी शहाणी होण्याआधीच्या, टाळेबंदीच्या काळात नाइलाजाने सुरू झालेल्या वर्गांच्या आहेत. पण ते वेळेवर आलं आहे.

इथे साधनांची माहितीपुस्तिका शोधणाऱ्याची निराशा होईल. कुठलं बटण कुठे दाबायचं ते परिशिष्टात ढकललं आहे, आणि हे पान छापून होईपर्यंत त्यातलं निम्मं जुनं झालेलं असेल. लेखकांनी नोंदी ठेवल्या आहेत त्या वर्गांच्या: कुठली कविता, कोणती ओळ, पहिली टीप काय, वाद कुठे पेटला, बाईंनी कधी तोंड घातलं आणि कधी घालायला नको होतं. फसलेले तासही पानंच्या पानं दिले आहेत. कविता बहुतेक हक्कमुक्त झालेल्या कवींच्या निवडल्या आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे हा हक्क संपतो, त्यामुळे केशवसुत, बालकवी आणि आता मर्ढेकरही निर्धास्तपणे वर्गात उघडता येतात. आजच्या कवींसाठी मात्र परवानगीची पत्रं लिहावी लागली, आणि काहींची उत्तरं अजून यायची आहेत.

डॉक्समध्ये चर्चा संपली की टीप ‘निकाली’ काढायचं एक बटण असतं. ते दाबलं की टीप समासातून नाहीशी होते. या शिक्षकांनी वर्षाअखेर बहुतेक टिपा निकाली काढल्या. पांढऱ्या पायवाटेवरची तेवढी ठेवली आहे. जूनमध्ये नवी तुकडी येते आणि तिच्याखाली लिहू लागते. यंदा कोणीतरी तेलुगू लिपीत दोन ओळी लिहिल्या आहेत, आणि त्या वाचता येणारं अजून वर्गात कोणी पुढे आलेलं नाही.